मोडायचे नाहीत, झोपवायचे: कुंग फूचे पवित्रे आणि एका पैलवानाची पकड

आधी जोडी कोणती ते सांगतो, कारण या प्रकरणात जे काही घडलं ते दोघांच्या अंगकाठीतून आणि सवयींतून घडलं. पहिला मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा, वजन 62 किलो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरीला. शाळेपासून कुंग फू, तेही चीनच्या उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या शैलीचं. मांड्या जमिनीला समांतर ठेवून तो मा बूत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, बसला की शेजारचे थरथरून उठतात, हा मात्र भिंतीला टेकल्यासारखा निवांत. दुसरा तालमीत वाढलेला, 74 किलोचा, माती आणि मॅट दोन्हीवर लढलेला. त्याला पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती खेळायच्या आहेत, म्हणून लाथा शिकायला तो राजारामपुरीतल्या आमच्या क्लासला येऊ लागला. तिथे पवित्रे आणि फॉर्म, म्हणजे पवित्र्यांची ठरलेली मालिका, मुख्य सर शिकवतात, जमिनीवरची पकड मी शिकवतो.

या दोघांना एकमेकांसमोर उभं केल्यावर पैलवानानं खडाखडीसुद्धा, म्हणजे आधीची हातांची झटापटही, केली नाही. हात लावला, खाली बसला, दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून ओढले, आणि मुलगा पाठीवर. पुन्हा उभे केले, पुन्हा तेच. खाली गेल्यावरचं चित्र तर आणखी वाईट. अंगावर पैलवान, आणि हा दोन्ही हात सरळ ताणून त्याची छाती ढकलतोय. मधेच सवयीनं एक मूठ कमरेला ओढून घेतो. मूठ कमरेला गेली की कोपर मागे जातं आणि बगल उघडी पडते. पैलवानाला उघडी बगल दाखवणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

क्लासमध्ये यावरून दोन तट पडले. काही पोरांचं म्हणणं, पवित्रे फक्त प्रात्यक्षिकापुरते. वेळ फुकट घालवण्यापेक्षा सरळ जिउ-जित्सू, म्हणजे ब्राझीलची जमिनीवरच्या पकडीची विद्या, शिकू. सरांना ते अजिबात पटलं नाही. शेवटी त्यांनी मला सांगितलं, "पवित्रे मोडायचे नाहीत. पाहिजे तर झोपवा, पण मोडू नका." त्यांची ही अट मला आवडली. मुलाच्या पायांत जे इतकी वर्षं मुरलंय ते टाकून देऊन कोरी पाटी करणं शहाणपणाचं नव्हतं, आणि शक्यही नव्हतं.

पवित्र्याला जमीन माहीतच नाही

मुलाच्या फजितीत त्याचा दोष थोडा होता, घराण्याचा जास्त. शुआय जियाव ही चिनी कुस्ती उभ्याचीच. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की डाव संपला. सांदा या आधुनिक चिनी लढतीतही समोरच्याला पाडलं की गुण मिळतात आणि पंच दोघांना पुन्हा उभं करतो. तीतांगचुआन नावाची जमिनीवरची चिनी शैली आहे, पण तिचा भर पडणं, लोळणं, खालून लाथा मारणं यावर. कुणी छातीवर बसलंय आणि उठू देत नाही, या प्रश्नाला तिच्यातही फारसं उत्तर नाही. मग पवित्र्याला जमिनीवरचं कुठून कळणार?

आपल्या कुस्तीचं तसं नाही. चितपट होईपर्यंत जमिनीवर बरंच काही घडतं. ताबा घेणं, सवारी भरणं, घिस्सा मारून उलटवणं, ही सगळी खाली गेल्यावरचीच विद्या. म्हणजे क्लासपासून हाकेच्या अंतरावर तालमी असताना जमिनीवरची पकड शिकायला पोरं मोबाइलवर ब्राझीलचे व्हिडिओ बघत बसली होती. जिउ-जित्सूत पाठीवर पडणं ही हार नसते, तिथून पायांनी लढता येतं, ही भर मोठीच आहे. ती मी नाकारत नाही. पण वरून वजन कसं टाकायचं हे मला शिकवायचं असेल तर मी आधी पैलवानाकडे बोट दाखवीन.

मेलेली दिशा

पहिलं काम मी खडूनं केलं. मुलाला मॅटवर मा बूत बसवलं, दोन्ही तळपायांना जोडणारी एक रेघ ओढली आणि तिला मधोमध काटकोनात दुसरी. पैलवानाला म्हटलं, पहिल्या रेघेवरून ढकल. त्यानं खांद्याला खांदा लावून बाजूनं रेटलं. मुलगा हलला नाही. मग म्हटलं, आता दुसरीवरून. पैलवानानं छातीला दोन बोटं लावली आणि मुलाच्या टाचा उचलल्या गेल्या.

दोन पायांवर उभ्या असलेल्या कुठल्याही पवित्र्याला ही मेलेली दिशा असते. मा बूची पुढेमागे. गोंग बूत एक पाय पुढे वाकलेला आणि मागचा ताठ, म्हणून तो पुढूनचा रेटा घेतो, पण बाजूनं कोसळतो. शू बूत जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर, म्हणजे मागच्या टाचेपलीकडे ढकललं की संपलं. फॉर्ममध्ये याचा बंदोबस्त आहे, कारण तिथे कुठलाच पवित्रा क्षणापेक्षा जास्त टिकत नाही. एकाची मेलेली दिशा पुढचा झाकतो. आम्ही मात्र घड्याळ लावून पोरांना एकेका पवित्र्यात बसवतो. त्यानं मांड्या होतात, जिद्द होते, पण पोराला वाटायला लागतं की पवित्रा म्हणजे किल्ला. पैलवान या किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरत होता, कारण दुहेरी पट नेमका मा बूच्या मेलेल्या दिशेनं येतो.

हाच हिशेब खाली गेल्यावर. जमिनीवर माणसाला दोन नाही, चार खुंट असतात: दोन हात, दोन पाय किंवा गुडघे. त्यातला एक खुंट अडकवायचा आणि माणसाला त्याच बाजूला लोटायचं, की तो उलटतो. जिउ-जित्सूतले बहुतेक स्वीप, म्हणजे खालून वरच्याला उलटवायचे डाव, या एका वाक्यात बसतात. मुलाला जेव्हा उमगलं की उभ्यानं खडूच्या रेघेवर बघितलं तेच आडवं बघायचंय, तेव्हापासून त्याचे प्रश्न बदलले. आधी विचारायचा, "सर, ह्यो पाय कुठं टाकू?" मग विचारायला लागला, "सर, आता माझी मेलेली बाजू कुठली?"

गोंग बू: सगळ्यात जास्त इथे मिळालं

पैलवान पाठीवर, मुलगा त्याच्या छातीवर आडवा, छातीला छाती. नवशिका माणूस अशा वेळी दोन्ही गुडघे मॅटवर टेकून बसतो. दिसायला भक्कम, पण वजन गुडघ्यांतून मॅटमध्ये जातं आणि खालच्याला काहीच लागत नाही. मुलाला म्हटलं, पुढचा गुडघा पैलवानाच्या कमरेशी तसाच वाकलेला ठेव, मागचा पाय ताठ कर, बोटं मॅटमध्ये रुतव आणि कंबर खाली सोड. वरून बघितलं तर हा हुबेहूब गोंग बू, फक्त आडवा. आता वजन पायाच्या बोटांपासून ताठ पायातून कमरेत आणि कमरेतून खांद्यात येतं. खांदा पैलवानाच्या जबड्याखाली. पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा पैलवान खालूनच म्हणाला, "आता लागतंय की रं ओझं!" बासष्ट किलोच्या पोराला ही दाद म्हणजे मोठीच.

एका गोष्टीनं मात्र बराच काळ छळलं. उभ्या गोंग बूत मागची टाच जमिनीला चिकटलेली हवी. सरांच्या छडीनं अनेकांच्या टाचा खाली बसवल्या आहेत. आडव्या गोंग बूत टाच उचलावीच लागते, कारण पकड बोटांची असते. मुलाचं अंग ऐकेना. जोर लावायची वेळ आली की टाच मागे मॅटकडे जायची, बोटं सुटायची आणि पाय नुसताच सरकायचा. शेवटी त्याला रोज सुरुवातीला भिंतीला दोन्ही हात लावून, चवड्यावर उभं राहून भिंत ढकलायला लावली. अंगठ्याचा सांधा सुजला, बर्फ लावला, मग हळूहळू सवय लागली.

पुढची पायरी त्याची त्यानंच काढली. पैलवान कंबर उचलून त्याला बाजूला लोटायला लागला, म्हणजे गोंग बूच्या मेलेल्या दिशेनं, की हा मागचा पाय आत घ्यायचा आणि दुसरा ताठ करायचा. फॉर्ममध्ये मागे वळून पवित्रा उलटा करतात तीच हालचाल, छाती छातीवरून न उचलता. सर तेव्हा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, पण पुढच्या तासाला सगळ्या वर्गाकडून ती वळणं जास्त करून घेतली.

पू बू आणि उठणं

पू बूत एका पायावर पूर्ण उकिडवं आणि दुसरा पाय बाजूला लांब ताणलेला. लांब पल्ल्याच्या शैलीत पू बूत खाली जाऊन तिथून गोंग बूत वर येणं वारंवार येतं. जमिनीवरून सुरक्षित उठायची जी पद्धत जिउ-जित्सूत आहे ती याच घराण्यातली निघाली. एक हात मागे टेकायचा, विरुद्ध पायाचा तळवा मॅटवर, कंबर उचलायची आणि मोकळा पाय खालून मागे ओढून घ्यायचा, की माणूस पायावर उभा आणि समोरचा अजून नजरेसमोर. इतर पोरं हे करताना बूड उचलतच नाहीत किंवा आधी पाठ फिरवतात. या मुलाला ते पहिल्या आठवड्यातच जमलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात पैसे वसूल झाले ते इथेच. खाली पडलेल्या माणसाची पहिली गरज जिंकणं ही नसते, उठणं ही असते.

दुखापतही याच पवित्र्यातून झाली. मुलगा पाय ताणून पैलवानाला लांब ठेवत होता, तेवढ्यात शेजारची जोडी लोळत आली आणि एकजण त्याच्या ताणलेल्या पायावर आडवा पडला. पू बूत तळवा सपाट आणि बोटं पुढे असतात, म्हणून पायाची बाहेरची बाजू वर येते. वरून वजन पडलं की गुडघा आत दबतो आणि आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. नेमकं तेच झालं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी लिगामेंट तुटलेलं नाही, ताणलंय असं सांगितलं. ब्रेस, विश्रांती, मग व्यायाम. मुलाला काही आठवडे फक्त बसून हातांचं काम करता आलं.

त्यानंतर मॅटवर एका वेळी दोनच जोड्या आणि दोन्ही जोड्यांच्या मध्ये एक पोरगा पहारेकरी, असा नियम आहे. कुणी "थांब" म्हटलं की सगळे थांबतात, फक्त म्हणणाऱ्याची जोडी नाही. आणि पू बूचा पाय जमिनीवर ताणून ठेवायचा नाही: टाच टेकलेली, बोटं छताकडे, गुडघा किंचित वाकलेला, ढकललं की लगेच ओढून घ्यायचा. सरांच्या डोळ्यांना तो पू बू वाटत नाही. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही, पण मॅटवर माझं चालतं.

मा बू वर बसल्यावर

मा बूकडून सगळ्यांना अपेक्षा होती, म्हणून निराशाही तिथेच. पैलवानाच्या पोटावर बसून मुलानं सवयीनं गुडघे बाहेर फाकवले, पाठ ताठ केली, घोड्यावर बसल्यासारखा बसला. पैलवानानं त्याचा एक हात छातीशी आवळला, त्याच बाजूचा पाय अडकवला, कंबर उचलली आणि पोरगा खाली. हात-पाय एकाच बाजूचे अडकले, म्हणजे एका बाजूचे दोन्ही खुंट गेले. गुडघे फाकवल्यामुळे मांडी आणि पैलवानाची कंबर यांच्यात पोकळी राहते. खालचा त्या पोकळीत फिरतो. इथे मी विंग चुन या दुसऱ्या कुंग फू शैलीतला गुडघे आत वळवून उभं राहायचा पवित्रा उसना घेतला. गुडघे आत आवळले, बूड खाली, हात पुढे टेकायला तयार. सर म्हणाले, "हे आपल्या शैलीतलं नाही." नाही, हे खरं. पण चालतं.

मा बूची ताठ पाठ मात्र दुसरीकडे कामाला आली. मी पाठीवर पडून दोन्ही पायांनी मुलाची कंबर आवळली आणि मान धरून त्याला खाली खेचायला लागलो. अशा वेळी नवशिक्याची पाठ वाकते, डोकं छातीवर येतं आणि गळा हातात सापडतो. हा गुडघ्यांवर बसून जसाच्या तसा. कोपरं मांड्यांच्या आत, हनुवटी किंचित आत, माकडहाड खाली. मी लोंबकळलो तरी तो खाली येईना. वर्षानुवर्षं रिकाम्या हवेत बसून त्यानं जी पाठ कमावली होती, तिच्यावर पहिल्यांदा कुणाचं तरी वजन आलं आणि ती टिकली.

दू ली बू, म्हणजे एका पायावरचा पवित्रा, जमिनीवर काही कामाचा नाही, पण पैलवानानं एकेरी पट धरल्यावर लंगडी घालत उभं राहायला कामी आला. श्ये बू, पाय कात्री करून बसायचा, जोडीच्या सरावातून मी पूर्ण काढून टाकला. पिळलेल्या गुडघ्यावर दुसऱ्याचं वजन मला नको.

जोड कशी लावली

सुरुवातीला पैलवान फक्त ठोकळा. मुलानं पवित्रा घ्यायचा, पैलवानानं वजन टाकायचं, हलायचं नाही. मग पैलवान एकाच दिशेनं रेटणार, आणि ती दिशा आधी सांगणार. मग न सांगता. मग ठरलेल्या जागेवरून दोन-दोन मिनिटांची खरी लढत, आणि कुणी निसटलं की पुन्हा त्याच जागेवर. ही शेवटची पायरी लवकर गाठायची घाई करणारे क्लास मी बघितलेत. तिथे जो ताकदवान तो शिकतो आणि दुसरा नुसता मार खातो. उलट, कित्येक पारंपरिक क्लास पहिल्या पायरीवरच आयुष्य काढतात.

पैलवानाच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवण्यासारखी. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून त्याचं अंग धोका दिसला की आपोआप पोटावर फिरतं. मातीत ते बरोबरच. इथे मुलगा एकदा त्याच्या पाठीवर चढला, दोन्ही पाय कमरेत अडकवले आणि मागून गळा आवळला. पैलवानानं मॅटवर हात आपटला, म्हणजे हार मानली. उठून म्हणाला, "मातीत हे चालत न्हाय." न चालायलाच हवं, कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे. पण त्याला जिथे जायचंय तिथे चालतं, आणि पोटावर फिरायची सवय मोडायला त्याला मुलाच्या टाचेइतकाच वेळ लागतोय.

मॅटही दोघांना वेगवेगळा त्रास देते. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या लाल मातीत पाय रुततो आणि सरकतोही. मॅटवर तळवा चिकटतो आणि अंग फिरलं तरी पाय फिरत नाही. हा बदल सोपा नसतो, याला कोल्हापुरात मोठा दाखला आहे. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिरानं त्यांना शिकवलं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. ढाक हा त्यांचा हुकमी डाव, तो काही त्यांनी टाकला नाही, मॅटवर नेला.

आत्ताची स्थिती

मुलगा पैलवानाला हरवतो असं नाही. उभ्यानं सुरुवात झाली तर दहापैकी बहुतेक वेळा अजून तोच खाली जातो, फक्त आता पटासाठी पैलवानाला खडाखडी करावी लागते, कारण हा समोर मा बूत बसत नाही. एक पाय पुढे ठेवून उभा राहतो आणि सतत बदलतो. खाली गेल्यावर मात्र तो उठतो. वरून दाबायची वेळ आली तर दाबून ठेवतो. हात ताणून ढकलणं बंद झालं. मूठ कमरेला नेण्याची सवय दमल्यावर परत येते. त्यावर उपाय म्हणून सरांनी जोडीच्या दिवशी फॉर्म करताना मूठ बरगडीशी, कोपर अंगाला चिकटवून ठेवायची मुभा दिली आहे. त्यांच्या दृष्टीनं ही मोठी सवलत आहे.

एक जागा अजून सुटलेली नाही. पैलवान वर, मुलगा खाली आणि पैलवानाचा एक पाय मुलाच्या दोन पायांत अडकलेला. तिथे बारा किलोंचा फरक बोलतो. कुठलाच पवित्रा झोपवून बघितला तरी उपयोग होत नाही. तिथे मी त्याला सरळ जिउ-जित्सूचंच शिकवतोय: कुशीवर वळ, बगलेखालून हात घाल, डोकं त्याच्या छातीला लाव.

दरम्यान सकाळच्या बॅचमधल्या मुलींनी हेच मागितलंय. त्यांच्यात 48 किलोची एक मुलगी आहे, मा बू या मुलापेक्षाही खोल. तिच्यासमोर पैलवान लावायचा नाही हे ठरलंय. वजनात पाच किलोंच्या आतली जोड शोधतोय.